टीव्हीवर चालणारी डीव्हीडी : संशोधनातला व्हिडिओ लोकांच्या घरी परत नेताना

संशोधन पद्धतीच्या पुस्तकांत मुलाखत कशी घ्यायची, संमतीपत्र कसं लिहायचं, प्रतिलेखन कसं करायचं हे सगळं असतं. पण ज्यांनी आपल्याला वेळ दिला, आठवणी दिल्या, त्यांच्या हातात शेवटी काय ठेवायचं आणि ते त्यांच्या घरी चालेल याची खात्री कशी करायची, यावर फारसं कोणी बोलत नाही. आजचा लेख त्याच्यावर आहे. विषय दिसायला साधा आहे. घरच्या कॉम्प्युटरवर एडिट केलेला व्हिडिओ डीव्हीडीवर असा उतरवायचा, की टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घालून रिमोटचं बटण दाबलं की तो सुरू झाला पाहिजे.

"आजच्या काळात डीव्हीडी कोण बघतं?" हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझं काम मौखिक इतिहासाचं आहे. विषय आहे नागपूर–नागभीड नॅरोगेज रेल्वे आणि तिच्या काठावरची उमरेड, भिवापूरसारखी गावं. अडीच फूट रुंदीच्या रुळांची ही लाइन ब्रॉडगेजच्या कामासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. म्हणजे त्या गाडीचं लोकांनी मोबाईलवर जे काही चित्रण करून ठेवलं तेवढंच आता आहे, नव्याने काही मिळणार नाही. त्या क्लिप आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती जोडून केलेला व्हिडिओ त्यांना दाखवायचा होता. उमरेडमधल्या एका निवृत्त काकाजींना मी म्हटलं, "लिंक पाठवते." ते म्हणाले, "मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर मले काही दिसत नाही पोरी. टीव्हीवर लागन असं काही तरी दे." त्यांच्या घरी टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर आहे आणि तो चालवता त्यांना येतो. मग प्रश्न संपला. ज्या यंत्रावर ते स्वतः, कोणाची मदत न घेता बघू शकतात, त्याच यंत्रासाठी आपण प्रत तयार करायची.

आणि हा फक्त सौजन्याचा भाग नाही बरं का. संमती देताना माणसाला माहीत नसतं की आपलं बोलणं चित्रात कसं दिसेल. काकाजींनी घरच्यांसोबत बसून सगळं पाहिलं आणि एका जुन्या सहकाऱ्याचं नाव ज्या वाक्यात येतं ते काढायला सांगितलं. कागदावरचं प्रतिलेखन त्यांनी आधी वाचलं होतं, तेव्हा ते काही बोलले नव्हते. स्वतःचा आवाज टीव्हीवर, नातवंडांसमोर ऐकल्यावर त्यांना ते खटकलं. प्रबंध जमा होण्याआधी ही संधी त्यांना मिळणं हा संमतीचाच भाग आहे. डिस्क जर त्यांच्या प्लेअरमध्ये चाललीच नसती, तर ही संधी गेलीच होती.

प्रेक्षकाच्या यंत्राचा विचार करून काम करणं आपल्या महाराष्ट्रात नवीन नाही. मालेगावात शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला, तो घरगुती साधनांवर. यंत्रमागावर काम करणारा त्यांचा प्रेक्षक व्हिडिओ पार्लरमध्ये चित्रपट बघायचा, म्हणून तिथल्या यंत्रावर चालेल असंच ते करायचे. पुढे त्यांच्यावर माहितीपट निघाला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. तंत्राच्या मर्यादेत राहून प्रेक्षकापर्यंत पोचायचं कसं, हे संशोधन करणाऱ्याने तिथून नक्की शिकावं.

फाइल कॉपी केली तर का चालत नाही?

बहुतेक जण पहिल्यांदा काय करतात? एमपी-फोर फाइल घेतात, कोऱ्या डीव्हीडीवर 'कॉपी' करतात आणि देऊन टाकतात. कॉम्प्युटरवर ती छान चालते. प्लेअरमध्ये घातली की पडद्यावर 'डिस्क एरर' नाहीतर काहीच नाही.

कारण असं की डिस्क एकच असली तरी तिच्यावर लिहिण्याच्या पद्धती दोन आहेत. एक डेटा डीव्हीडी. ही पेनड्राइव्हसारखी, काहीही ठेवा. दुसरी व्हिडिओ डीव्हीडी. हिचं एक ठरलेलं मानक आहे. डीव्हीडी बाजारात आली १९९६ साली आणि तेव्हा ठरलं की चित्र एमपेग-२ या पद्धतीने दाबलेलं असेल. तुमचा मोबाईल जे चित्रण करतो ते एच.२६४ किंवा एचईव्हीसी पद्धतीचं असतं. यातलं पहिलं मानक २००३ चं, दुसरं २०१३ चं. प्लेअरच्या आतली चिप फक्त आपल्या मानकातलं वाचायला बनलेली आहे. नॅरोगेजच्या रुळावर ब्रॉडगेजचा डबा कितीही चांगला असला तरी चढत नाही, तसंच हे. माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावाच लागतो.

काही प्लेअर मानकाच्या पलीकडे जाऊन इतर फाइलीही वाचतात, काहींना यूएसबीचं पोर्ट असतं. म्हणून घरी गेल्यावर आधी प्लेअर बघून घ्या, मॉडेल लिहून घ्या. पण सात-आठ घरी सात-आठ कंपन्यांचे प्लेअर असतील तर सगळ्यांत समान गोष्ट एकच, ती म्हणजे मानकाप्रमाणे केलेली व्हिडिओ डीव्हीडी.

मानक नेमकं काय मागतं?

तीन गोष्टी लक्षात ठेवा. चित्राचा आकार, चित्रांचा वेग आणि आवाज.

आकार : भारतात १९८२ साली रंगीत दूरदर्शन आलं ते पॅल पद्धतीवर, त्यामुळे आपली डीव्हीडीही सहसा पॅल असते. तिच्यात चित्र ७२० × ५७६ बिंदूंचं असतं. मोबाईलचं फुल एचडी चित्र १९२० × १०८० चं. गुणाकार करून बघा. मोबाईलच्या चित्रात २०,७३,६०० बिंदू, डीव्हीडीच्या चित्रात ४,१४,७२०. बरोबर पाचवा हिस्सा. हा आकडा पुढे लागणार आहे, विसरू नका.

अजून एक. ७२० × ५७६ हे चित्र ४:३ म्हणूनही दाखवता येतं आणि १६:९ म्हणूनही. बिंदू तेवढेच, फक्त प्लेअर ते आडवं ताणतो. कसं ताणायचं याची खूण डिस्कवर लिहिलेली असते. ती खूण चुकली की माणसं उंच-बारीक किंवा बुटकी-जाडी दिसतात. मोबाईल आडवा धरून केलेलं चित्रण असेल तर १६:९ निवडा.

वेग : पॅलमध्ये सेकंदाला २५ फ्रेम. मोबाईल साधारण ३० फ्रेमने चित्रण करतो, आणि तोही वेग कमी-जास्त होत राहतो. ३० चे २५ करताना दर सेकंदाला ५ फ्रेम गाळल्या जातात. समोर बसून बोलणाऱ्या माणसाच्या मुलाखतीत ते जाणवत नाही. पण धावत्या गाडीच्या दृश्यात झटके दिसतात. यावर दोन उपाय. पुढच्या चित्रणासाठी मोबाईलच्या कॅमेऱ्यात २५ फ्रेमचा पर्याय असेल तर तो लावा. आणि जुन्या क्लिपच जास्त असतील तर एनटीएससी डिस्क करून बघा. तिचा आकार ७२० × ४८० आणि वेग सेकंदाला २९.९७ फ्रेम. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही वाचतात, पण ज्याच्या घरी द्यायची त्याच्या प्लेअरवर आधी चाचणी घ्या. कमी-जास्त होणारा वेग मात्र एडिटिंगच्या आधीच एकसारखा करून घ्या. नाहीतर वीस मिनिटांनंतर ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, असं होतं.

आवाज : नमुन्यांचा दर ४८ किलोहर्ट्झच पाहिजे. वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज ४४.१ चा असू शकतो, तो बदलून घ्या. आवाज एसी-थ्री पद्धतीने १९२ किंवा २२४ किलोबिटला ठेवला तर मुलाखतीसाठी भरपूर झालं. न दाबलेला पीसीएम आवाजही चालतो, पण त्याचं गणित बघा. ४८,००० नमुने × १६ बिट × २ चॅनल म्हणजे सेकंदाला दीड मेगाबिटच्या वर. तेवढी जागा चित्रातून कापली जाते.

बिटरेटचं गणित

हा भाग नीट समजून घ्या, कारण सॉफ्टवेअर इथे 'ऑटो' म्हणून हात झटकतं.

साध्या एक थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर तीच डिस्क ४.३८ जीबी दाखवतो. कंपनी १००० ने गुणते, कॉम्प्युटर १०२४ ने, म्हणून हा फरक. फसवणूक नाही. ४.७ अब्ज बाइट म्हणजे ३७,६०० मेगाबिट. मेनू, सूची वगैरेसाठी थोडी जागा सोडून ३६,००० धरा.

आता सूत्र : ३६,००० भागिले सेकंदांची संख्या, वजा आवाजाचा बिटरेट.

६० मिनिटांचा व्हिडिओ : ३६,००० ÷ ३,६०० = १०. पण मानकात चित्रासाठी कमाल ९.८ मेगाबिटच आहेत आणि त्या टोकाला घरच्या डिस्कवर प्लेअर अडखळू शकतो. म्हणून ८ वर थांबा.

९० मिनिटं : ३६,००० ÷ ५,४०० = ६.६७. आवाजाचे ०.२ काढले की साधारण ६.४. उत्तम.

१२० मिनिटं : ५, म्हणजे चित्राला ४.८. चालेल.

१८० मिनिटं : ३.३. इथे झाडाची पानं, रुळांतली खडी, गर्दी यांचे चौकोन चौकोन दिसायला लागतात. एकाच्या दोन डिस्क करा.

देवनागरी अक्षरांची खास अडचण

इंग्रजी ट्युटोरियलमध्ये हे सापडत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र एका दमात येत नाही. आधी विषम ओळी, मग सम ओळी. एखादी आडवी रेघ एकाच ओळीइतकी पातळ असेल तर ती दर दुसऱ्या वेळीच उमटते, म्हणजे सेकंदाला २५ वेळा लुकलुकते. आणि आपल्या लिपीत अशी आडवी रेघ प्रत्येक शब्दावर आहे, ती म्हणजे शिरोरेषा! बारीक फॉन्टमध्ये 'उमरेड' लिहिलं तर सगळा शब्द डोक्यावरून थरथरतो. त्यात अनुस्वार आणि रफार ५७६ ओळींच्या चित्रात पुसट होतात ते वेगळंच.

म्हणून नावं आणि मथळे जाड फॉन्टमध्ये, मोठ्या आकारात ठेवा. पांढऱ्या अक्षरांना गडद कडा द्या. जुने टीव्ही चित्राच्या कडा थोड्या खातात, तेव्हा चारही बाजूंनी दहा टक्के जागा मोकळी सोडा.

सबटायटलबाबत मात्र चांगली बातमी आहे. डीव्हीडीवरची सबटायटल मजकूर म्हणून नसतात, तर चार रंगांच्या छोट्या चित्रांच्या रूपात असतात. त्यामुळे प्लेअरमध्ये मराठी फॉन्ट आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. जोडाक्षरं कॉम्प्युटरवर नीट दिसली की टीव्हीवरही नीटच दिसणार. कोणी झाडीबोलीत बोलत असेल आणि तुमचे परीक्षक पुण्याचे असतील, तर ही सोय फार कामाची आहे.

आता प्रत्यक्ष काम

पहिली पायरी, एडिटिंग. केडीएनलाइव्ह, शॉटकट, ओपनशॉट यांपैकी जे येतं ते वापरा, तिन्ही मोफत आहेत. एडिट झालेला व्हिडिओ आधी मूळ आकारात, चांगल्या दर्जात एक्सपोर्ट करा. ही झाली मास्टर प्रत. डीव्हीडीसाठीचं रूपांतर या प्रतीपासून एकदाच करायचं. दाबलेल्याला पुन्हा पुन्हा दाबलं की झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं होतं.

दुसरी पायरी, रूपांतर आणि ऑथरिंग. ऑथरिंग म्हणजे प्लेअरला समजेल अशी मांडणी करणं. यासाठी डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. मास्टर फाइल आत ओढा, पॅल निवडा, १६:९ निवडा, वरच्या गणितातून आलेला बिटरेट टाका. रूपांतर ते स्वतःच करतं. ज्यांना कमांडची सवय आहे त्यांना एफएफएमपेगमध्ये पॅल डीव्हीडीचं तयार लक्ष्य मिळतं, आकार-वेग-आवाज सगळं एका शब्दात लागतं.

मांडणी झाली की 'व्हिडिओ टीएस' नावाचं एक फोल्डर तयार होतं. त्यात तीन प्रकारच्या फाइली दिसतील. व्हीओबीमध्ये प्रत्यक्ष चित्र आणि आवाज, जास्तीत जास्त एकेक जीबीच्या तुकड्यांत. आयएफओमध्ये कुठे काय आहे त्याची सूची. आणि बीयूपी म्हणजे त्या सूचीची राखीव प्रत, डिस्कवर ओरखडा आला तर उपयोगी पडावी म्हणून. प्लेअर आधी सूची वाचतो, मगच चित्राकडे जातो. नुसती फाइल कॉपी केली तर ही सूचीच नसते.

मेनू करायचा मोह आवरा. वयस्कर माणसासाठी डिस्क घातली की थेट सुरू झालेली बरी. त्याऐवजी प्रकरणं पाडा. प्रत्येक माणसाच्या मुलाखतीच्या सुरुवातीला एक खूण. मग 'नेक्स्ट'चं बटण दाबलं की पुढचा माणूस. प्रत्येकाला स्वतःपर्यंत पटकन पोचायचं असतं, हे मी सांगायला नको.

प्रदेश कोड 'सर्व' ठेवा. भारताचा कोड ५ आहे, पण घरच्या डिस्कला कुलूप कशाला लावायचं? कोणाची लेक परदेशात असेल तर तिलाही बघता येईल.

तिसरी पायरी, बर्न करणं. आधी डिस्कऐवजी आयएसओ फाइल बनवा आणि ती व्हीएलसीमध्ये उघडून सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. प्रकरणांच्या उड्या, ओठ आणि आवाज यांचा मेळ, सबटायटल, सगळं. मग विंडोजवर इमजीबर्न किंवा लिनक्सवर केथ्रीबी घेऊन ती डिस्कवर उतरवा. जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर हा प्रकार सुरक्षित. पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क चाचणीसाठी ठीक आहे, पण ती प्रकाश कमी परावर्तित करते, म्हणून काही प्लेअर तिला ओळखत नाहीत. कोणाला द्यायची प्रत तिच्यावर करू नका. वेग कमाल १६ असेल तर ८ वर लिहा. 'फायनलाइझ' आणि 'व्हेरिफाय' हे दोन्ही पर्याय चालू ठेवा. फायनलाइझ म्हणजे डिस्क बंद करणं. ते झालं नाही तर तुमच्या कॉम्प्युटरवर चालेल, पण दुसऱ्याच्या प्लेअरवर चालेलच असं नाही.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका. ते एका बाजूने फुगलं की डिस्क फिरताना डगमगते. सीडीसाठीच्या मार्करने नाव आणि तारीख लिहा, पुरे.

चौथी पायरी सगळ्यांत महत्त्वाची. ज्याला द्यायची त्याच्या घरी, त्याच्या प्लेअरवर, त्याच्याच हाताने लावून बघा. तुम्ही रिमोट हातात घेऊ नका. त्याला स्वतःला जमलं तरच प्रत पोचली असं म्हणता येईल.

डीव्हीडी म्हणजे जतन नव्हे

आता तो पाचव्या हिश्श्याचा आकडा आठवा. डीव्हीडीवर गेलेल्या चित्रात मूळ बिंदूंपैकी चार हिस्से नाहीतच, आणि ते परत आणता येत नाहीत. शिवाय घरी बर्न केलेल्या डिस्कवरची माहिती एका रंगाच्या थरात असते. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर खराब होतो. आमच्या विदर्भातला मे महिना तुम्हाला माहीतच आहे. खिडकीत ठेवलेली डिस्क सांभाळून ठेवली असं समजू नका.

म्हणून दोन कामांसाठी दोन प्रती वेगळ्या धरा. बघण्याची प्रत म्हणजे डीव्हीडी. जतनाची प्रत म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फाइली, हात न लावता, शिवाय मास्टर आणि एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल. या तीन ठिकाणी ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या गावी. प्रत्येक मूळ फाइलचा एसएचए-२५६ चेकसम काढून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये नोंदवा. त्यातच लिहा की कोणी, कुठे, कधी, कोणत्या उपकरणावर चित्रण केलं आणि संमती कशाची मिळाली. दोन वर्षांनी चेकसम पुन्हा काढला आणि जुळला, तर फाइल जशीच्या तशी आहे हे तुम्ही परीक्षकासमोर ठामपणे सांगू शकता.

काकाजींनी जे वाक्य काढायला सांगितलं त्याचं काय केलं, असं कोणी विचारेल. ते मास्टरमधून कापलं, आयएसओ पुन्हा केली, नवी डिस्क दिली आणि जुनी डिस्क परत घेऊन मोडून टाकली. मूळ फाइलच्या नोंदीत 'हा भाग वापरू नये' असं वेळेसह लिहिलं. मूळ फाइलीतूनही तो भाग कायमचा काढायचा का, हे त्यांना वेगळं विचारलं. ते म्हणाले, "तुझ्यापाशी राहू दे, पण बाहेर नको." त्यांचं हे उत्तरही नोंदीत आहे.

प्रबंधात हे कसं लिहायचं?

पद्धतीच्या प्रकरणात एवढा मजकूर पुरतो : 'संपादित दृक्‌श्राव्य प्रत निवेदकांना त्यांच्या घरी उपलब्ध असलेल्या साधनावर चालेल अशा रूपात देण्यात आली. पाहिल्यानंतर त्यांनी सुचवलेले बदल करून सुधारित प्रतीस अंतिम संमती घेण्यात आली. मूळ चित्रण विनाबदल जतन केले असून प्रत्येक फाइलचा चेकसम परिशिष्टात दिला आहे.' तीन वाक्यं आहेत, पण त्यामागे वरची सगळी मेहनत उभी असते, आणि तोंडी परीक्षेत प्रश्न आला तर उत्तर देता येतं.

तुम्ही अजून क्षेत्रकार्य सुरू केलं नसेल तर एक करा. पाच मिनिटांची कोणतीही घरची क्लिप घ्या, आरडब्ल्यू डिस्कवर वरच्या चारही पायऱ्या करून बघा आणि शेजारच्या एखाद्या प्लेअरवर लावा. कुठे अडतं ते तेव्हाच कळेल, खऱ्या मुलाखती हातात येण्याआधी. आणि पहिल्या भेटीत संमतीपत्रासोबत एक प्रश्न नक्की विचारा : "झालेलं काम तुम्ही कशावर बघाल?" मिळेल ते उत्तर वहीत लिहून ठेवा. प्रत कशी करायची ते त्यावरून ठरतं.